बचत कोणाच्या ताटातून?



घरखर्च आणि बचत हा विषय मी मागून घेतला. ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची वर्षे शाळेत गणित शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर गावोगावच्या बायकांना हिशेब लिहायला शिकवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर पैशाविषयी बोलताना संकोच करण्याचे कारण नाही. एरवी हा विषय मासिकातल्या महिलांच्या पानावर जाऊन बसतो. उरलेल्या पोळ्यांचे काय करावे, भाजी कोणत्या वेळी स्वस्त मिळते, विजेचे बिल कसे आटोक्यात ठेवावे. या सूचना उपयोगाच्या असतात, त्यांतल्या कितीतरी मी स्वतः पाळते. पण एक प्रश्न त्यात सहसा येत नाही, आणि आज मला तोच विचारायचा आहे. घरात जी बचत होते, ती कोणाच्या वाट्यातून होते?

सुरुवात जरा मागून करते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. पुढे सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हा अधिकाऱ्यांत आणि शहरी सुशिक्षितांत एक ठरलेले उत्तर होते : कुणबी लग्नाकार्यात उधळपट्टी करतो, म्हणून कर्जात बुडतो. आयोगाने खातेवह्या तपासल्या आणि निराळेच लिहिले. लग्न आणि सणांवरच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे त्याचे मत पडले. कर्ज फुगत होते ते बियाणे, बैल, सरकारी सारा आणि पोटाला लागणारे धान्य यांसाठी वरचेवर घेतलेल्या लहान लहान रकमांनी, आणि त्यांवर चढत जाणाऱ्या व्याजाने. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही शेतकऱ्यावरच्या याच आरोपाचा समाचार घेतलेला आहे.

पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी मुंबईत अशीच हिशेबांची तपासणी झाली. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. गिरणगावातली कुटुंबे महिन्याला किती मिळवतात, धान्यावर किती घालवतात, भाडे किती, कपडा किती, याचा तो तपशीलवार हिशेब आहे. निम्म्याहून जास्त पैसा पोटावर जात होता. तरीही अहवालाचा निष्कर्ष असा की कामगाराला धान्य मिळते ते दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवून दिलेल्या कमाल मापाइतके, आणि मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जो आहार ठरलेला आहे त्यापेक्षा कमी. शंभरातली सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे सालाला पंचाहत्तर टक्के. काही ठिकाणी याच्या दुप्पट.

हे दोन अहवाल मी मुद्दाम आधी सांगितले. कैद्यापेक्षा कमी खाणाऱ्या माणसाला काटकसर शिकवणे हा अन्याय आहे, आणि बचतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःच्या हातून होऊ न देण्याची काळजी घ्यावी. मिळकतच अपुरी असेल तर तिच्यावर उपाय मजुरीचा, भावाचा, रोजगाराचा. वही लिहून मजुरी वाढत नाही. मग वही लिहायची कशाला? उत्तर त्या एका आण्यात आहे. ज्या घराला पुढच्या महिन्यातली अडचण आज दिसते, त्या घराला ती भागवण्यासाठी कमी दराचा मार्ग शोधायला वेळ मिळतो. ज्याला ती दारात आल्यावर दिसते, तो मिळेल त्या दराने पैसे उचलतो. गरीब घराला हिशेबाची गरज श्रीमंतापेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या चुकीवरचे व्याज जास्त असते.

आता आजच्या घरात येऊ. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याची उपभोग खर्चाची पाहणी सांगते की १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या खर्चातले एकोणसाठ रुपये अन्नावर जात, शहरात अठ्ठेचाळीस. २०२३-२४ मध्ये हे आकडे सत्तेचाळीस आणि चाळीसच्या आसपास आले. एका पिढीत घरखर्चाचा तोल स्वयंपाकघरातून बाहेर गेला. आज पैसा जातो तो शाळेच्या फीवर, क्लासवर, दवाखान्यावर, पेट्रोलवर, मोबाइलच्या रिचार्जवर, घरभाड्यावर आणि हप्त्यांवर. आपला काटकसरीचा उपदेश मात्र अजून भाजीच्या पिशवीभोवतीच घुटमळतो. कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये वाचवणारे घर मोटारसायकलचा हप्ता किती वर्षांचा घ्यायचा, यावर दहा मिनिटे बसून बोलत नाही. दात कोरून पोट भरत नाही, असे आपणच म्हणतो. पण घरात खरोखर होतो तो दातकोरेपणाच, कारण तो बाईच्या अखत्यारीत असतो, आणि मोठे निर्णय बहुतेक घरांत नसतात.

एक हिशेब मांडते. कागद असेल तर लिहून घ्या. जिल्ह्याच्या गावी राहणारे चौघांचे कुटुंब, दोघांची मिळून महिन्याला अठ्ठावीस हजार मिळकत. भाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, क्लास हे सगळे जाऊन महिनाअखेरीला तीन हजार उरतात. ते म्हणतात, आमची तीन हजारांची बचत आहे. आता वर्षाचे खर्च बघा. जूनमध्ये मुलांची फी अठरा हजार. वह्या, पुस्तके, गणवेश, बूट, दप्तर मिळून पाच हजार. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग चार हजार. दिवाळी दहा हजार. गावची जत्रा, लग्नांतले आहेर, येण्याजाण्याचे भाडे सहा हजार. वर्षभरातला ताप-सर्दीपासूनचा दवाखाना अकरा हजार. बेरीज चोपन्न हजार. बाराने भागा, साडेचार हजार येतात. म्हणजे ज्यांना वाटते की आपले महिन्याला तीन हजार उरतात, त्यांचे खरे तर दर महिन्याला दीड हजार कमी पडतात. त्यांना ते कळते ते मात्र जूनमध्ये, आणि मग बांगड्या गहाण पडतात.

घर मोडते ते असे. रोजच्या चहाने मोडत नाही. दर महिन्याला न येणारे पण दर वर्षी हमखास येणारे जे खर्च असतात, त्यांना आपण अचानक आलेले म्हणतो. जून दर वर्षी येतो, दिवाळी दर वर्षी येते. घरखर्चाच्या आखणीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला विचाराल तर हीच आहे : वर्षाच्या खर्चांची यादी करा, बाराने भागा आणि तेवढे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळे काढा. ही बचत नव्हेच. हा आधीच झालेला खर्च आहे, फक्त पावती नंतर मिळणार आहे. बचत म्हणायची ती याच्यानंतर जे राहील ते. मी जिथे जिथे हा हिशेब फळ्यावर मांडला तिथे बायका बेरीज होण्याआधीच गप्प झाल्या, कारण पुढे काय येणार ते त्यांना कळलेले असते. पुरुषांना तो पटायला वेळ लागतो, कारण जूनची धावपळ त्यांनी केलेली नसते.

हे झाले आखणीचे. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते.

तासगाव भागात एका बचत गटातल्या बायकांनी वर्षभर घरच्या वह्या लिहिल्या होत्या. त्यातली एक वही मी दुपारभर वाचत बसले. शंभर पानी, रेघांची, पट्टीने आखलेले चार रकाने : तारीख, जमा, खर्च, शिल्लक. अक्षर सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचे, नेटके. दूध. गिरणी. मालकांचे पेट्रोल. आत्यांच्या बीपीच्या गोळ्या. पोरीचा क्लास. पोराची सायकल पंक्चर. सिलिंडर. परत दूध. जमेच्या रकान्यात महिन्यातून दोनतीनदा ‘माझी मजुरी, द्राक्षबाग’ असे लिहिलेले. छाटणीच्या, विरळणीच्या दिवसांत ती रोज कामाला जात होती. मी पाने उलटत राहिले. अख्ख्या वर्षात खर्चाच्या रकान्यात तिच्या स्वतःच्या नावाची एकच नोंद सापडली. चप्पल, एकशे ऐंशी रुपये.

मी विचारले, ‘ताई, यात तुमचा खर्च कुठं आहे?’ ती म्हणाली, ‘माझा कसला खर्च ओ मॅडम. मला काय लागतंय?’ बोलता बोलता कळले की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला अंगात रक्त कमी आहे असे सांगून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दवाखान्यातला साठा संपला होता. एक पान दुकानातून विकत घेतले, पुढे घेतले नाही. भागतंय, म्हणाली. त्या वर्षी त्यांच्या घरात बाराशे रुपये शिल्लक पडले होते आणि ते तिने अभिमानाने मला दाखवले. तिचा अभिमान खरा होता आणि मी तिचे कौतुकही केले. पण त्या बाराशेंतले किती रुपये त्या गोळ्यांचे होते, किती तिने न घेतलेल्या दुधाचे होते, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी चोपन्न टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण अठ्ठेचाळीस टक्के होते. रक्तक्षयाची कारणे पुष्कळ आहेत, सगळा दोष काटकसरीच्या माथी मारता येणार नाही. तरी आपल्या घरांत शेवटी कोण जेवते, भाजी कमी पडली तर चटणीवर कोण भागवते, दूध आटले तर कोणाचा पेला बंद होतो, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण ज्या गृहिणीला संसारी, काटकसरी, टुकीने राहणारी म्हणून नावाजतो, तिच्या काटकसरीचा काही भाग तिच्या हाडामांसातून आलेला असतो. तो वहीत खर्च म्हणून दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांनी गुडघ्यांच्या आणि कमरेच्या दुखण्यात दिसतो, आणि तेव्हा दवाखान्याचे बिल त्या साऱ्या बचतीपेक्षा मोठे असते.

म्हणून वही लिहिणाऱ्यांना मी सांगते की पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, न कापण्याच्या गोष्टी लिहा. डाळ, दूध किंवा अंडी, भाजी, औषधे, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव घालून त्याचा वाटा. ‘घरखर्च’ असा एकच मोघम आकडा लिहू नका, त्या आकड्याच्या आड बाई हरवते. पैसे कमी पडले तर कात्री या पानाखाली लागेल. वाढदिवसाच्या फलकांना लागेल, मोठ्या मोबाइलला लागेल, आहेरातल्या साडी-टोपीला लागेल.

आपल्याकडे बचतीची एक फार चांगली रीत होऊन गेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले. तिथल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी मुष्टिफंड काढला. घरोघरच्या बायकांनी दळणासाठी, स्वयंपाकासाठी धान्य काढताना एक मूठ बाजूला टाकायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे. वसतिगृहाच्या अडचणीच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे आणि ती सांगितलीही जाते. मला मात्र मुष्टिफंडाचे मोल जास्त वाटते. दागिना एकदाच मोडता येतो. मूठ रोज निघते, आणि ती शिजवण्याआधी निघते. धान्यच मुठीने कमी झाले की ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात सारखे कमी होते, घासाघासाने, कोणाच्या लक्षातही येत नाही इतके. हीच मूठ जर सगळे जेवून उठल्यावर पातेल्यातून काढायची ठरवली असती, तर ती एकाच ताटातून गेली असती.

पैशाचेही तसेच आहे. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हणणाऱ्या घरात शेवटचा आठवडा ओढाताणीचा असतो, आणि ती ओढाताण एकाच माणसाच्या अंगावर पडते. पगाराच्या दिवशी, मजुरीच्या दिवशी आधी काढलेली रक्कम सगळ्यांच्या वाट्यातून जाते.

आधी काढलेला पैसा घराबाहेर जायला हवा, हेही अनुभवाने पटलेले आहे. घरातल्या पैशावर घरातल्या प्रत्येकाचा हक्क असतो. दीर मागतो, नणंदेचे अडते, शेजारीण येते, आणि आहे म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकाने विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली एक गोष्ट नोंदवली आहे. तिथे एक बाई दारोदार फिरून बायकांकडून रोज पाच रुपये घेई. दोनशेवीस दिवस. म्हणजे अकराशे रुपये. मुदत संपली की हजार रुपये परत देई, शंभर स्वतःला ठेवी. पैसे साठवण्यासाठी गरीब बायका वर पैसे मोजत होत्या. बँकेच्या व्याजाची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटेल. त्या बायकांना त्यात काही गैर वाटत नव्हते, कारण ती दारात आली नसती तर ते पाच रुपये संध्याकाळपर्यंत राहिले नसते, हे त्या जाणून होत्या. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ पासून रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली ती याच जाणिवेतून. आपल्या गावोगावच्या पतसंस्थांचा दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट हा तिचाच वारस. पोस्टाच्या आवर्त ठेवीचे पैसे घरी येऊन नेणाऱ्या एजंट बायका महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतून १९७२ पासून काम करत आल्या आहेत. महिन्याला शंभर रुपयांपासून, पाच वर्षे. नवऱ्याला सांगता येते की एजंट आली होती, द्यावेच लागले.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. एक टक्का जास्त व्याज मिळते म्हणून आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवलेल्या आणि नंतर तिच्या बंद दारासमोर पावती घेऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी मी बोलले आहे. रोजची पिग्मी पतसंस्थेत चालेल, पण साठली की ती बँकेत किंवा पोस्टात हलवा. भिशीचेही तेच. ओळखीच्या दहाबारा जणींची, दरमहा चिठ्ठी काढणारी भिशी ही उत्तम शिस्त आहे. बोली लावून पैसे उचलायची भिशी हे कर्ज असते, आणि ते महागात पडते.

बचत गटाविषयी इथल्या अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, म्हणून थोडक्यात सांगते. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रात ही चळवळ खोल रुजली. गटाचे खरे काम कर्जाच्या मोठ्या रकमेत नाही. शेकडा दोनने घेतलेल्या दोन हजारांत आहे, जे जूनमध्ये फीसाठी मिळतात आणि ज्यांचे व्याज गटाच्याच पेटीत परत पडते. आणि गटाने एक काम अजून पुरेसे हाती घेतलेले नाही, ते म्हणजे एकत्र खरेदी.

ज्याच्या हातात एकरकमी पैसा असतो तो स्वस्तात खातो. आपल्या जुन्या घरांत उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होई. नवे गहू उन्हे दाखवून, एरंडेल चोळून भरायचे, डाळी, तांदूळ, तिखट, मसाला, सांडगे, पापड, कुरडया. त्या बेगमीने वर्षभराची बाजारभावाची चिंता मिटे. पण ती ज्याच्याकडे मे महिन्यात पैसा आणि घरात कणगी ठेवायला जागा आहे त्यालाच जमे. हातावर पोट असलेली बाई रोज संध्याकाळी दुकानातून दहा रुपयांचे सुटे तेल, पाव किलो साखर, छोटी पुडी चहा आणि एक रुपयाचा शाम्पू घेते. किलोमागे तिला जास्त पडते आणि वर उधारीच्या वहीत दुकानदार काय लिहितो ते बघायची सोय नसते. तिला तुम्ही घाऊक घ्या म्हणून कितीही सांगा, ती कशी घेईल? दहा जणींनी मिळून मात्र तेलाचा डबा आणि तुरीचे पोते घेता येते, वाटता येते. काही गट दिवाळीच्या किराण्यासाठी हे करतात. ते वर्षभर करावे. एखाद्या घराचे महिन्याला दोनतीनशे रुपये यातून वाचले, तर ते कोणाच्याही ताटातून न जाता वाचतील.

कर्जाविषयी दोन शब्द. एक आणा व्याज आता इतिहासजमा झाले, असे मानू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, सालाला बेचाळीस. गावात दर आठवड्याला फायनान्सवाले येतात, आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज निघते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. मला तर निम्मेही फार वाटतात. निम्मे हप्त्यात गेल्यावर न कापण्याच्या गोष्टींचे ते पहिले पान टिकणार कसे? कर्ज घेण्याआधी नवरा-बायकोने हप्त्याचा आकडा त्या पानाखाली लिहून वजाबाकी करावी. ती घरी करावी, एजंटासमोर नको.

चोरून ठेवलेल्या पैशाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरच्या बायकांनी तांदळाच्या डब्यातून, ट्रंकेतल्या पैठणीच्या घडीतून, देवघरातल्या फोटोमागून नोटा बाहेर काढल्या. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. बँकेत भरायचे म्हणजे घरात सांगणे आले. कित्येक घरांत त्यावर हसणे झाले, काही घरांत मारहाण झाली. आणि तो पैसा खात्यात गेल्यावर पुष्कळ बायकांच्या हातून तो कायमचा गेला, कारण खाते नवऱ्याचे होते. मुलीच्या बाळंतपणाला, माहेरच्या आजारपणाला, रात्री घर सोडून जायची वेळ आली तर एसटीच्या तिकिटाला तो ठेवलेला होता. त्या पैशाला मी लबाडी म्हणणार नाही. ज्या घरात बाईला विचारून खर्च होत नाही, त्या घरात तिची ती एकमेव सुरक्षितता होती. तिने स्वतःच्या नावाचे वेगळे खाते उघडावे, त्याचे पासबुक स्वतःपाशी ठेवावे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणाला सांगू नये. त्यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही. आणि घराची वही मात्र दोघांनी मिळून लिहावी, एक दिवसाआड का होईना. फोनवरून पैसे देण्याची सवय झाल्यामुळे आता बँकेच्या उताऱ्यातच अर्धी वही तयार मिळते. दर रविवारी दोघे ती उघडून बसले तरी पुष्कळ झाले.

इथवर मी महिन्याच्या पगाराचे, मजुरीचे बोलले. ज्यांच्या वर्षाला महिनेच नाहीत, त्यांचे राहिले. बीडपासून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतली जाते, ती पावसाळ्यातच घरात, दवाखान्यात, लग्नात संपलेली असते. मग पाच-सहा महिने टनाच्या भावाने ती फेडायची. या घराचे वर्ष उणे रकमेपासून सुरू होते. इथे बाराने भागण्याचा माझा हिशेब चालत नाही आणि मूठ बाजूला काढायला धान्यही आपले नसते. त्यांना बचतीवर व्याख्यान देऊ नये. पण त्यांच्याही घरी एक वही असू शकते, आणि तिच्यातला पहिला रकाना टनांचा असेल. किती तोडले, काट्यावर किती भरले, उचलीतून किती वळते झाले, हे आज बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या वहीत असते. बाई निम्मा ऊस तोडते, मोळ्या वाहते, पण उचल घेताना अंगठा पुरुषाचा असतो आणि हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. कारखान्यांनी आणि सरकारने एवढे करावे : तोडणीचा आणि उचलीचा हिशेब दर पंधरवड्याला छापील मिळावा, कोयत्यातल्या दोघांच्या नावे दोन प्रती निघाव्यात, आणि तिची प्रत तिच्याच हातात द्यावी.